वरची धूळ

विज्ञान माणसाचे प्राण वाचवतं. हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या दारात काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे आणि त्याखाली उद्घाटनाच्या पाहुण्यांचं नाव त्याहून मोठ्या अक्षरांत आहे. मी अहवालांची भाषा तपासण्याच्या कामावर तिथे रुजू झाले, तेव्हा सुरुवातीला माझा त्या वाक्यावर विश्वास होता. मग कामाचं स्वरूप कळलं. कारखानदार आम्हाला त्यांच्या पावडरी पाठवतात. आम्ही त्या एका पोकळ पोलादी गोळ्यात हवेच्या झोतानं उडवतो, मधोमध ठिणगी देतो आणि पेटली की नाही ते लिहून देतो. गॅसचंही तसंच. ठरावीक प्रमाणात हवेत मिसळायचा, ठिणगी द्यायची, लिहायचं. कागद घेऊन कारखानदार जातो. प्राणांचं पुढे काय करायचं ते तो आणि ज्यांचे प्राण आहेत ती माणसं आपसात ठरवतात.

त्या ग्रॅनाइटच्या पाटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून पाहणारा माणूस आमच्याकडे एकच होता. सुधाकर तळवडेकर, धूळ विभागाचे प्रमुख. त्यांना उंची चांगली लाभली होती आणि ती सगळी कपाटांच्या, पंख्यांच्या आणि दारांच्या माथ्यावर काय साचलंय हे पाहण्यात खर्च होत होती. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाच्या शेजारी रंगाऱ्याचा छोटा ब्रश. पँटच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी. कुठेही गेले की आधी वर बघायचे, मग बोट, मग ब्रश, मग डबी. कुणाच्या घरी पहिल्यांदाच जेवायला गेल्यावर त्यांनी हे केलं की घरच्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होई. "घाण आहे म्हणून नाही हो," तळवडेकर समजूत घालत, "फार छान, बारीक आहे." त्यानं परिस्थिती सुधारत नसे.

"खाली बघू नका, वर बघा," हे त्यांचं मुख्य वाक्य. जमिनीवर पडते ती जाड धूळ, ती रोज झाडली जाते. बारीक धूळ हलकी असते, ती वर जाऊन ट्यूबलाइटवर, पाइपांवर, पत्र्याचं छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर बसते, आणि पेटते ती हीच, एवढाच त्याचा अर्थ होता. एका प्लायवूडवाल्याला मात्र ते अध्यात्म वाटलं. त्यानं छताकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "शेवटी त्याच्याच हातात आहे साहेब सगळं." तळवडेकरही छताकडेच बघत होते. तिथे लाकडाचा भुसा बोटभर साचला होता.

त्यांचं दुसरं वाक्य, "झोपलीय ती. उठवू नका." साचलेली धूळ आपली गप्प पडून असते. तिचा हवेत ढग झाला की मग एक ज्योत पुरते. म्हणून ते स्वतः कशावरही फुंकर मारत नसत. पुस्तकावरची धूळ ओल्या रुमालानं टिपायचे. चहा गरम असला तर थांबायचे. मुलीच्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्यासुद्धा फुंकू देत नसत, चिमटीनं विझवायला लावत. त्या वाढदिवसांच्या सगळ्या फोटोंत ती मुलगी बोट चोखताना दिसते. मेणबत्तीचा धुळीशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काही नाही गं. सवय नको."

आता हा माणूस ऐकायला कसा वाटत असेल याची मला कल्पना आहे. प्रत्यक्षात तो कंटाळवाणा होता. कारखान्यांत व्याख्यानं द्यायला आवडीनं जात असे, भरपूर स्लाइड दाखवत असे आणि प्रत्येक स्लाइडवरचं प्रत्येक वाक्य वाचून दाखवत असे. शिवाय भीती घालायला लागतो तसा आवाज त्यांच्याकडे नव्हता. "या दाबानं भिंत बाहेर पडते" हे ते अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता पुढे चवीपुरतं मीठ येईल. समोरची माणसं बिस्किटं खात आणि शेवटी टाळ्या वाजवत.

शेजारच्या गॅस विभागाचं नशीब वेगळं होतं. गॅसला वास असतो, लाल सिलिंडर असतो, तो फुटल्याची बातमी प्रत्येकानं वाचलेली असते. गॅसवाले ‘पेटेल’ म्हणाले की लोक मागे सरकत. धूळ म्हणजे घरातल्या बाईनं झटकायची गोष्ट. तळवडेकर ‘पेटेल’ म्हणाले की लोक हसत, आणि ते गंभीरपणे बोलतायत हे लक्षात आलं की जास्त हसत.

तो पोलादी गोळा मात्र त्यांचा फार लाडका. आत स्फोट झाला तरी बाहेर नुसता ‘टक्’ असा आवाज येई, शेजारच्या खोलीत कुणी कपाट बंद केल्यासारखा, आणि पडद्यावर दाबाची रेघ सरळ उभी चढे. "पेटली!" तळवडेकर ओरडत. पोरगी दहावीला बोर्डात आली असं सांगावं, तसा तो आवाज असे. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला अर्थातच ती पेटायला नको असे. मालाडहून एक गृहस्थ ताकद वाढवणारी कसली तरी पावडर घेऊन आले होते. निकाल ऐकून ते उभेच राहिले.

"शक्य नाही साहेब. पूर्ण आयुर्वेदिक आहे."

"पेटली तीसुद्धा आयुर्वेदिकच," तळवडेकर म्हणाले.

"लहान मुलांना देतो आम्ही ही!"

"द्या ना. चमच्यानं द्या. फक्त पोत्यातून उंचावरून ओतू नका."

गृहस्थ दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांचं समाधान झालं असावं, कारण पुन्हा आले नाहीत.

मुलुंडला तळवडेकरांची सोसायटी आहे. तिथे एका होळीला तरुण मंडळींनी रंगाचा धूर उडवणारी यंत्रं आणायचं ठरवलं. रंग म्हणजे मक्याचं पीठ, आणि स्टेजवर शोभेला आगीचे झोत. तळवडेकर सर्वसाधारण सभेत उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही होळीलापण लॅबमध्येच असता का?" सगळे हसले. यंत्रं आली, ढग उडाले, झोत पेटले, आणि काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल तो विचारत होता, "काय काका, काही झालं का?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. कारण बहुतेक वेळा काही होत नाही. ढग जरा विरळ असतो, ज्योत जरा लांब असते, हवा दमट असते. काही न होण्याची शंभर कारणं असतात, आणि ती सगळी समोरच्याच्या बाजूनं साक्ष देतात. "मी काय करू सांग, कर्णिक," ते मला म्हणाले होते. "झालं तर मी वेळेवर सांगितलं नाही. नाही झालं तर मी उगाच सांगितलं."

मी म्हटलं, "ज्योतिषी लोकांचं याच्या उलट असतं. त्यांना दोन्हीकडून दक्षिणा."

ते हसले नाहीत.

प्रमोद हा तळवडेकरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दिंडोशीला राहायचा आणि साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर होता. पन्नाशीला आलेला, हसरा, सगळ्यांना ‘टेन्शन नको’ म्हणून सांगणारा माणूस. त्याच्या कारखान्यात संत्र्याच्या सरबताचे दाणे बनत, पाण्यात टाकून ढवळायचे ते. साखर, लिंबाचं सत्त्व आणि रंग. साखर दळायची, तिचे रंगीत दाणे करायचे, पाकिटात भरायचे. दळताना उडालेली साखर शेडभर बसे. प्रमोद रविवारी अर्धी पाळी करून मुलुंडला जेवायला आला की त्याच्या कानांच्या पाळ्या, भुवया आणि टोपी केशरी असत. तळवडेकर पानावर बसल्या बसल्या ब्रशनं त्याचे कान झाडून डबीत घेत.

"अहो, जेवताना तरी सोडा त्याला," त्यांची बायको सुनंदाताई ओरडे.

"करू दे गं ताई," प्रमोद म्हणे. "न्हाव्याकडे जायचं वाचतं."

विमा कंपनीनं अहवाल मागितला म्हणून प्रमोदच्या शेठनी आमच्याकडून चाचणी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तळवडेकरांना केवढा आनंद झाला होता! आता सगळं रीतसर होणार होतं. नमुना घेऊन स्वतः प्रमोदच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. पारदर्शक बरणीत एकसारखे, टपोरे, चमकदार केशरी दाणे. वर लाल रिबीन बांधायची तेवढी राहिली होती.

तळवडेकरांनी बरणी उजेडात धरून हलवली. तळाशी काहीच साचेना.

"यातला चुरा कुठे गेला रे?"

"चाळून काढला ना, भावोजी. दोनदा चाळला. तुमच्या लॅबमध्ये आपली इज्जत जायला नको."

पाहुण्यांसमोर ठेवायची फळं निवडावीत तसा त्यानं नमुना निवडला होता. हे काही त्याचं एकट्याचं नाही. आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळेच नमुने असे नटूनथटून येतात. परीक्षा म्हटली की आपल्याकडे चांगले कपडे घालायचे असतात. पेटतो तो चुरा. तोच काढून टाकलेला. रक्त तपासायला देताना तांबड्या पेशी बाजूला काढून ठेवाव्यात, असला हा प्रकार.

पण नियम असा, की आला तो नमुना, आला तसा तपासायचा. दुसरा पाठवा म्हणून विनंती करता येते, जबरदस्ती नाही. तळवडेकरांनी माझ्यासमोरच शेठना फोन केला आणि मला ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवला.

"दुसरा नमुना कशाला, साहेब? पहिला नापास झाला?"

"नाही, पेटला नाही तो."

"म्हणजे पास?"

"तसं म्हणायचं तर पास. पण मला तुमच्या छताखालची धूळ हवी होती."

"साहेब," शेठ दुखावल्या आवाजात म्हणाले, "आम्ही धूळ विकत नाही."

अहवाल गेला. ‘हा निष्कर्ष केवळ प्राप्त झालेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे’ हे वाक्य त्यात शेवटी होतं, नेहमीप्रमाणे बारीक अक्षरांत. हे वाक्य मी कितीतरी अहवालांत तपासलं आहे. त्यात भाषेची एकही चूक नाही. खाली तळवडेकरांची सही.

त्यानंतर त्यांनी प्रमोदला काळी डबी दिली आणि शिडी लावून वरची धूळ आणायला सांगितलं. प्रमोदनं आणली. गोळ्यासाठी ती फार थोडी होती, पण काचेच्या छोट्या नळीत उडवून ठिणगी देण्यापुरती पुरेशी होती. मी तेव्हा कुठल्याशा अहवालाबद्दल विचारायला त्या खोलीत गेले होते. नळीत केशरी ढग उठला आणि पुढच्या क्षणी नळी भरून पिवळा उजेड झाला. तळवडेकर ओरडले नाहीत. "पेटली," एवढंच म्हणाले, आणि नळी पुसत बसले.

ते संचालकांकडे गेले. संचालकांचं म्हणणं असं, की या नमुन्याचा अर्ज नाही, गिऱ्हाईक नाही, तो कुणाचा आहे आणि कुठून आला याचा पुरावा नाही, तेव्हा संस्थेच्या दृष्टीनं हा नमुना अस्तित्वातच नाही आणि जे नाही ते पेटू शकत नाही. मग ते शेठकडे गेले. शेठनी चहा मागवला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आमचा अहवाल फ्रेम करून लावला होता. दोन्हींना एकच हार पुरवला होता.

"तुमचीच सही आहे ना?" शेठ म्हणाले. "मग तुमचं आताचं ऐकू की तेव्हाचं?"

मग उरला प्रमोद. तळवडेकर त्याला म्हणाले, "सोड ही नोकरी." प्रमोद म्हणाला, "भावोजी, या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? आणि एवढी वर्षं झाली, काही झालं का?"

शेठ मनानं वाईट नव्हते. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, तिचं आमंत्रण त्यांनी सगळ्या प्रयोगशाळेला पाठवलं. तळवडेकरांनी मलाही चलायला सांगितलं. त्यांच्या खिशात त्या दिवशी डबीऐवजी मोठाली प्लास्टिकची पिशवी होती आणि ब्रश नवीन होता. शेडमध्ये राजरोस शिरायला मिळणार, शिडी आहे, मालक समोर आहे. मालकासमोर घेतलेला नमुना संचालकांनाही नाकारता आला नसता. रिक्षात ते एखाद्या नवरदेवासारखे बसले होते.

आम्ही आत शिरलो. दळण्याच्या यंत्राला झेंडूची माळ, चाळणीला हळदकुंकू, समोर समई. तळवडेकरांनी वर पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. लोखंडी कैच्या चकाकत होत्या. ट्यूबलाइट चकाकत होत्या. पत्रा आतून एवढा स्वच्छ मी आजवर कुठे पाहिला नाही.

"खंय गेली?" त्यांच्या तोंडून निघालं. घाबरले की ते मालवणीत जात.

"कोण, भावोजी?"

"धूळ, मेल्या, धूळ!"

"दसऱ्याची सफाई झाली ना काल!" प्रमोद अभिमानानं म्हणाला. "शेजारच्या गाळ्यात कॉम्प्रेसर आहे, त्यांचा हवेचा पाइप खिडकीतून घेतला. सूं सूं करून वरपासून खालपर्यंत. काय सांगू, शेडमध्ये एकमेकांची तोंडं दिसत नव्हती! सगळे केशरी. पोरांनी सेल्फी काढले, बघा." त्यानं मोबाइल पुढे केला.

तळवडेकरांनी फोटो बघितला. दाट केशरी ढगात आठ-दहा माणसं दात काढून उभी होती आणि वर ट्यूबलाइट जळत होत्या, त्यांतली एक लुकलुकणारी. ढगाचा एवढा चांगला फोटो त्यांच्या एकाही स्लाइडवर नव्हता.

आरती झाली. मी प्रसादाचे पेढे खाल्ले. तळवडेकर प्रमोदला एका कोपऱ्यात घेऊन उभे होते आणि त्याचा दंड धरून बोलत होते. हवेचा पाइप लावायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं. नाही तर शोषून घेणारं मशीन भाड्यानं आणायचं. वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला. आसपास ज्योत नको, विडी नको, गरम काही नको. आणि वीज बंद, मेन स्विच खाली केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

"ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय, भावोजी."

"काय करशील सांग."

"सगळं करीन. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

एवढं सांगितल्यावर माणूस त्यातलं एखादं लक्षात ठेवतो, आणि साहजिकच सर्वांत सोपं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी पूजेआधी प्रमोदनं सफाई काढली. ओलं फडकं साखरेला लागलं की चिकट लगदा होतो, ते त्यानं करून पाहिलं होतं. शोषून घेणारं मशीन शेठना भाड्यानं आणायचं नव्हतं. तेव्हा पाइप शेजारच्या गाळ्यातून आला. पण भावोजींना दिलेला शब्द होता. प्रमोदनं स्वतः जाऊन मेन स्विच खाली केला. त्या शेडला एकच खिडकी, तीही पाइप घ्यायला अर्धी उघडलेली. आत अंधार झाला. शिडीवरून कैच्या नीट दिसेनात, म्हणून प्रमोदनं पूजेसाठी मांडलेली समई लावायला सांगितली आणि ती शिडीच्या जवळ आणून ठेवून घेतली. बाकीची माणसं या खेपेला ढगाला कंटाळून दाराबाहेर उभी होती. ती त्यामुळे वाचली.

आवाज फार मोठा झाला नाही म्हणतात. पत्रा एका बाजूनं उचकटला आणि खिडकी रस्त्यावर जाऊन पडली.

घाटकोपरच्या इस्पितळात मी तळवडेकरांबरोबर गेले. सुनंदाताई दाराबाहेर बसून होती. प्रमोदचा चेहरा सुजला होता, भुवया नव्हत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. तळवडेकर पलंगाशेजारी उभे राहिले. सवयीनं त्यांचं लक्ष वर पंख्याकडे गेलं आणि ते त्यांनी तिथून खाली आणलं.

प्रमोदनं ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न केला. आम्ही वाकलो.

"भावोजी," तो म्हणाला, "मेन स्विच बंद केला होता हां मी. तुम्ही सांगितलेलं."

त्याला वाटत होतं, भावोजी रागावतील. तो त्यांना निदान एवढं केल्याचं सांगत होता. तळवडेकर "हो" म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा "हो रे, बरोबर केलंस" म्हणाले. बाहेर आल्यावर सुनंदाताईनं विचारलं, "कशानं झालं हो हे? सरबतानं कुणी भाजतं का?" ते तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, जाड धूळ, बारीक धूळ, ढग. त्याच सुरात. ती मधेच उठून डॉक्टरांकडे गेली.

चौकशीसाठी एक अधिकारी आमच्याकडे आले. सभ्य माणूस होता. अहवालाची भाषा मी तपासलेली म्हणून मलाही बसवलं होतं. त्यांच्या हातात तो अहवाल होता. फ्रेमची काच फुटली होती, पण कागद शाबूत होता.

"ही सही तुमची?"

"माझी," तळवडेकर म्हणाले.

"अहवाल बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"म्हणजे पावडर पेटत नाही."

"पाठवली होती ती पेटत नाही."

"मग दुसरी कुठली?"

"वर होती ती."

"ती तुम्ही रीतसर तपासली?"

"नाही. काचेच्या नळीत पाहिली होती. नोंद नाही."

"आता मिळेल?"

"नाही. जळली."

अधिकाऱ्यांनी पेन मिटलं. "तळवडेकर साहेब, माझी अडचण समजून घ्या. मी तुमच्याच अहवालाच्या विरुद्ध कसं लिहू?" तळवडेकर अडचण समजले. सगळं आयुष्य ते दुसऱ्यांच्या अडचणी समजून घेत आले होते. मी मधे पडून त्या शेवटच्या बारीक अक्षरांतल्या वाक्याकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. "हे तर सगळ्याच अहवालांत असतं ना?" म्हणाले. असतंच.

कारखाना पुन्हा सुरू झाला. प्रमोदचे हात राहिले, बोटं मात्र अजून पुरती मिटत नाहीत. शेठनी त्याला कामावरून काढलं नाही. दारावर खुर्ची दिली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायला. विमा कंपनीनं नवा अहवाल मागितला.

तळवडेकर निवृत्त व्हायच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा त्यांच्या खिशात नुसतं पेन असायचं. मी खिडकीशी उभी होते आणि ते नमुने घेण्याच्या टेबलाशी. साकीनाक्याहून कुणी नवा माणूस बरणी घेऊन आला होता. या वेळी बरणी काचेची होती, झाकणावर सोनेरी कागद होता, आणि आतले दाणे मोत्यांसारखे एकसारखे, टपोरे. तळवडेकरांनी ती उजेडात धरून हलवली. तळाशी काहीच साचलं नाही.

"चाळलाय वाटतं," ते म्हणाले.

"तीनदा, साहेब," तो माणूस खुशीत म्हणाला. "मागच्या खेपेला काय गडबड झाली माहितीय ना, म्हणून एकदम बेस्ट माल आणलाय."

"छान आहे," तळवडेकर म्हणाले. त्यांनी पोच लिहून दिली, बरणीवर क्रमांक चिकटवला आणि ती आत घेऊन गेले. मग मला गोळ्याचं झाकण बसवल्याचा आवाज आला. ‘टक्’ आवाज आला नाही.

निकाल अर्थातच पहिल्यासारखाच लागला. चौकशीचाही यथावकाश लागला. आगीचं कारण शॉर्ट सर्किट असं नोंदलं गेलं आहे. मेन स्विच त्या वेळी बंद होता.